सोन्याखालचा घेवडा

पिवळ्याला पिवळ्या म्हणायला सुरुवात केली त्याच्या थोरल्या भावानं, आणि ते नाव त्याला असं चिकटलं की पुढे त्याच्या बायकोलाही खरं नाव सांगताना क्षणभर थांबावं लागे. कारण साधंच होतं. चित्रांच्या आणि आरशांच्या लाकडी चौकटींना सोन्याचा वर्ख चढवायचं काम तो चौदाव्या वर्षापासून करत होता, आणि वर्ख लावणाऱ्याच्या अंगावर थोडा वर्ख राहतोच. भुवयांत, नखांच्या कडेला, कानामागे. आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून तो कुणाकडे गेला तरी दिव्याखाली बसला की त्याच्या चेहऱ्यावर कुठंतरी एक कण चमकायचा, आणि समोरच्याचं बोलण्यावरचं लक्ष उडायचं. ‘खिशात दमडी नसली तरी यांच्या तोंडावर सोनं असतं,’ असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

वर्ख ही फार मानी वस्तू. बोटानं धरायला गेलात तर बोटावरच विरून जातो, तोंड उघडून बोललात तर उडून जातो. खारीच्या शेपटीच्या केसांचा चपटा ब्रश आपल्या गालावरून एकदा फिरवायचा, गालाच्या तेलकटपणावर वर्ख अलगद उचलायचा आणि श्वास धरून जागेवर सोडायचा. पिवळ्याच्या उजव्या गालाला त्यामुळे कायमची एक तुकतुकी आली होती. काम चालू असताना ऐन उन्हाळ्यातही खिडक्या बंद, पंखा बंद, शिंकायची मनाई, हसायची तर त्याहून मनाई. आणि नेमक्या त्याच वेळी थोरल्या भावाला विनोद सुचायचे. एकदा त्यानं एका गिऱ्हाइकाच्या चालण्याची अशी हुबेहूब नक्कल केली की पिवळ्या फुस्सकन हसला आणि वर्खाच्या अख्ख्या वहीतली पानं उडून छताला जाऊन लागली. ते सोन्याचे तुकडे छताच्या तुळईला पुढं कित्येक वर्षं चिकटून होते.

थोरला भाऊ म्हणजे दादा. तो कोरीवकाम करायचा. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडकीपाशी दादाचा ओटा, त्यावर तोंडाच्या आकाराप्रमाणे ओळीनं लावलेल्या साठ-सत्तर पटाश्या. आतल्या कोपऱ्यात, वारा लागणार नाही अशा जागी पिवळ्याचं टेबल. आणि दोघांच्या मध्ये भिंतीला एक फळी. ही फळी वडिलांनी ठोकलेली. नियमही त्यांचाच. दादाचं काम संपलं की तो चौकट फळीवर ठेवणार, आणि फळीवर आलं की ते पिवळ्याचं. ‘झालं का’, ‘घेऊ का’ अशी विचारपूस नाही. चाळीस वर्षं दोघे भाऊ एकाच खोलीत बसले, पण कामाबद्दल एकमेकांना विचारायची वेळ फळीनं त्यांच्यावर कधी येऊ दिली नाही. हे फार सोयीचं होतं. इतकं सोयीचं नसतं तर बरं झालं असतं, असं पिवळ्याला पुढे वाटायचं.

फळीवरून चौकट उचलली की पिवळ्या आधी तिला पॉलिश पेपरचा हलका हात मारायचा, म्हणजे सरसाचा चिकटा लाकडाला धरतो. मग सरसात कालवलेल्या पांढऱ्या खडूचे आठ हात. त्यावर लाल मातीचे तीन. त्यावर पाण्याचा ओलावा आणि वर्ख. मग अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटत बसायचं, सोनं आरशासारखं होईपर्यंत. या सगळ्याला एकच गोष्ट चालत नाही, ती म्हणजे तेल. तेलाचा डाग असेल तिथं सरस धरत नाही आणि वर्षाभरात सोनं पापुद्र्यानं सुटतं. तेल पाजायचं ते उघडं राहणार असलेल्या लाकडाला. हे त्या धंद्यातलं पहिल्या दिवसाचं शिक्षण, आणि पिवळ्याच्या कानावर ते वडिलांनी कान धरूनच घातलं होतं.

आठ हात खडू म्हणजे लाकडावर चांगली जाड साय. दादानं पानाची जी शीर केसाएवढी काढलेली असायची ती त्या सायीखाली बुडून जायची. पिवळ्या वरून ती पुन्हा कोरायचा, पण ती पिवळ्याची शीर असायची, दादाची नव्हे. दादा म्हणायचा, ‘मी पोरगी लहानाची मोठी करतो, आणि तू तिला दागिने घालून वरातीत नाचतोस.’ सगळे हसायचे. पिवळ्या सर्वांत जास्त हसायचा.

खरं सांगायचं तर सोन्यानं त्याला वेड लावलं होतं. नुसत्या कामानं नव्हे. सोन्यासमोर आल्यावर माणसाचं जे होतं, ते बघायचा त्याला नाद होता. कितीही मोठा माणूस असो, नवीन चौकटीपुढं उभा राहिला की त्याचा हात आपोआप पुढं यायचा. ‘हात लावू नका’ अशी पाटी लावली तर पाटीवरून वाकून लावायचे. शहरातल्या संग्रहालयाच्या बाई त्याला जुनी चित्रं दुरुस्तीला दाखवायच्या. एका फार जुन्या चित्रात माणसांच्या मागं आभाळच नव्हतं, सगळं सोनं. ‘आभाळ काढलं की सकाळ की संध्याकाळ ते ठरवावं लागतं,’ बाई म्हणाल्या. ‘सोन्याला वेळ नसते.’ हे वाक्य पिवळ्याला इतकं आवडलं की पुढचे सहा महिने तो ते स्वतःचं म्हणून सांगत फिरला. राजे मेल्यावर त्यांच्या तोंडावर सोनं ठेवायचे, पुस्तकाच्या कडांना सोनं, वाजंत्र्यांच्या टोप्यांना सोनं. ‘रंग विटतो, लाकडाला कीड लागते, माणसाचं तर बोलायलाच नको,’ तो म्हणायचा. ‘सोनं मात्र होतं तसं राहतं.’ दादा खिडकीपाशी मान खाली घालून पटाशी चालवत राहायचा. ‘म्हणूनच कंटाळवाणं असतं ते,’ एवढंच एकदा म्हणाला.

मोठ्या नाट्यगृहाचं काम आलं तेव्हा दोघे भाऊ ऐन उमेदीत होते. रंगमंचाची प्रचंड कमान, तिच्यावर हार, तुताऱ्या, फळांचे घोस, फुगल्या गालांनी फुंकणारे वाऱ्यांचे चेहरे. दादानं तीन वर्षं कोरलं, पिवळ्यानं वर्षभर सोनं चढवलं. उद्‍घाटनाच्या संध्याकाळी दिवे एकदम लागले आणि हजार माणसांच्या तोंडून एकच ‘हाऽ’ निघाला. तो आवाज पिवळ्या मरेपर्यंत विसरणार नाही. वर्तमानपत्राचा माणूस आला, वही उघडून म्हणाला, ‘हे सोन्याचं काम कुणाचं?’ पिवळ्या बोलू लागला तो अर्धा तास थांबला नाही. वर्ख, श्वास, गालावरचा ब्रश, आभाळ आणि सोनं, सगळं. दादा मागं दोघांचेही कोट हातावर घेऊन उभा होता. ‘कोरलंय माझ्या दादानं’ हे सांगायचं पिवळ्याच्या मनात होतं. अगदी जिभेवर होतं. पण मध्ये काहीतरी दुसरं निघालं, मग तिसरं निघालं, आणि त्या माणसानं वही मिटली. दोन दिवसांनी फोटो छापून आला. कमानीवर हात ठेवून पिवळ्या, आणि त्याच्यामागे कडेला कुणाचं तरी एक कोपर. दादानं कात्रण कापून ओट्यासमोर टाचणीनं लावलं. ‘माझं कोपर पेपरात आलं,’ असं सगळ्यांना दाखवायचा. त्यावरही पिवळ्या हसला होता. आता ते हसणं आठवलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग वहिनी गेली. दादाची बायको. दुखणं म्हणावं तर आठ दिवसांचं. तिला एकच हौस होती, गॅलरीत तुटक्या बादल्यांतून घेवडा लावायची. वेल दोऱ्यांवर चढवायची, शेंगा मोजायची, पानं कुरतडणाऱ्या अळ्यांना नावं ठेवायची पण मारायची मात्र नाही. ती गेल्यावर ते वेल पाण्यावाचून वाळले. दादानं वाळलेली पानं आणि शेंगा एका खोक्यात भरून कारखान्यात आणल्या, आणि अक्रोडाचा एक तुकडा काढला. तो त्यानं कुणा राजवाड्यातल्या आरशासाठी म्हणून वीस वर्षं राखून ठेवलेला होता.

वहिनीच्या फोटोची चौकट. सगळ्या बाजूंनी घेवड्याचा वेल. रोजचं काम आटोपलं की संध्याकाळी तासभर तो तिच्यावर काम करत बसायचा, असं पावणेदोन वर्षं. शेंगेचं पोट नुसतं फुगीर नव्हतं, आतला दाणान् दाणा सालीखालून कळत होता. शेंगेवरची लव त्यानं सुरीच्या टोकानं एकेक रेघ ओढून काढली. एका पानाला अळीनं खाल्लेलं भोक, आणि भोकाची कड जरा वळलेली. पॉलिश पेपर दादानं आयुष्यात लाकडाला लावला नव्हता. ‘त्यानं लाकूड मुकं होतं,’ म्हणायचा. पटाशीचा प्रत्येक घाव जसा पडला तसा ठेवायचा. पिवळ्या जातायेता थांबून बघायचा. एवढं सुंदर काम दादानंही कधी केलेलं नव्हतं, हे त्याला कळत होतं. त्याला सगळं कळत होतं, हीच तर अडचण आहे.

चौकट पुरी झाली त्याच आठवड्यात दादाला हृदयाचा झटका आला. इस्पितळात दीड महिना काढावा लागला. सुरुवातीचे दिवस काही खरं नव्हतं, मग हळूहळू तो उठून बसू लागला. पिवळ्या रोज भेटायला जायचा आणि रोज रिकाम्या हातानं परत यायचा. म्हणजे भावाला काय द्यावं ते त्याला सुचायचं नाही. एका सकाळी कारखान्यात आला आणि ओट्यावर ठेवलेली चौकट दिसली. त्याच्या मनानं घेतलं. आपल्याजवळ नाट्यगृहाच्या वेळचा जाड, भारी वर्ख जपून ठेवलेला आहे. दादा घरी येईल तेव्हा वहिनी सोन्यात बसलेली असेल.

चौकट फळीवर नव्हती. दादाच्या ओट्यावर होती. पिवळ्यानं स्वतःची समजूत घातली की आजारी पडला, ठेवायला वेळ झाला नाही. मग त्यानं ती हातात घेतली, आणि तिला तेलाचा वास आला. दादानं तिला जवसाचं तेल पाजलं होतं. एकदा नव्हे, तीन-चारदा. लाकूड आतून उजळल्यासारखं दिसत होतं.

तेल पाजलेलं लाकूड म्हणजे काय, ते त्याला चौदाव्या वर्षापासून ठाऊक होतं. क्षणभर तो थांबलाही. तो क्षण पुढं त्यानं हजारदा परत आठवून पाहिला. त्या क्षणी काय मनात आलं, तर हे, की दादाला आता सगळंच विसरायला होतं, दुखण्याआधीपासूनच त्याचं लक्ष नव्हतं, चुकून लावलं असेल. वडिलांच्या हाताखाली शिकलेला दादा चुकून तेल लावेल, असं त्यानं स्वतःला पटवलं. माणसाला एकदा सोनं लावायचंच असलं की त्याला काहीही पटतं.

बायको डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, ‘अहो, दादांना विचारा तरी एकदा.’

‘विचारलं तर मजा काय राहिली?’

‘मजा त्यांना वाटली पाहिजे ना.’

‘तुला यातलं काय कळतं,’ तो म्हणाला. हेही त्याला नंतर आठवत राहिलं.

टर्पेंटाइननं तेल निघेना. अक्रोडानं ते पोटात घेतलं होतं. मग त्यानं पॉलिश पेपर घेतला. आधी बारीक, मग मध्यम, मग खरखरीत. जिथं कागद पोचेना तिथं लोखंडी तारेच्या ब्रशनं घासलं. सरस धरला पाहिजे, पापुद्रा सुटता कामा नये, दादाची चौकट आहे, जन्मभर टिकली पाहिजे. दोन दिवस तो मन लावून घासत होता. मग खडूचे आठ हात, माती, वर्ख. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं सोनं त्या चौकटीवर चढलं. कुणीही बघितलं असतं तर हेच म्हणालं असतं.

दादा घरी आला त्या दिवशी दोघा भावांच्या एकत्र घराच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले होते. दादाची मुलगी परगावाहून आली होती. पिवळ्यानं भिंतीवरच्या चौकटीवर पांढरं कापड टाकलं होतं. दादा खुर्चीत टेकला आणि पिवळ्यानं कापड ओढलं. ‘आई गं!’ दादाची मुलगी म्हणाली आणि तिनं तोंडावर हात घेतला. वहिनी लख्ख सोनेरी उजेडाच्या मधोमध बसून हसत होती. शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या.

दादानं चौकट खालपासून वरपर्यंत बघितली. मग म्हणाला, ‘तेल होतं ना रे त्याला?’

‘होतं. काढलं सगळं. तू काही काळजी करू नकोस.’

‘कशानं काढलंस?’

‘टर्पेंटाइननं,’ पिवळ्या म्हणाला. पॉलिश पेपरचं त्यानं सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही.

‘हं,’ दादा म्हणाला. ‘छान झालंय. पिवळं धमक.’

काय केलं आपण ते पिवळ्याला त्या ‘हं’मध्येच कळलं. वहिनीसाठी केलेलं ते एकच काम दादाला कुणाच्या वाटणीशिवाय हवं होतं. आयुष्यात एकदाच त्यानं काम फळीवर ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि आपण ओट्यावरून उचलून नेलं. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, इथं तर आपण दुसऱ्याच्या उरात खुपसली होती आणि वर टाळ्या घेत होतो. तेव्हाच दादाचे पाय धरायला हवे होते. पण खोली माणसांनी भरलेली, सगळ्यांच्या तोंडी कौतुक, चहा आलेला. आणि खरं म्हणजे, दादानं छान म्हटलंय ना, मग आपण कशाला विषय काढा, असं त्याच्यातल्या भित्र्या माणसानं म्हटलं. त्या माणसाचं पिवळ्या नेहमीच ऐकत आला होता.

पंधरा दिवसांनी दादा कारखान्यात आला, त्यानं पटाश्या एकेक पुसून कापडाच्या पट्ट्यात गुंडाळल्या आणि म्हणाला, ‘हातात जोर राहिला नाही आता.’ महिन्याभरात तो मुलीकडे राहायला गेला. जाताना भिंतीवरच्या चौकटीतून वहिनीचा फोटो काढून घेतला. चौकट भिंतीवर रिकामी राहिली.

अकरा वर्षं गेली. पिवळ्या तयार चौकटी आणून त्यांना सोनं लावत राहिला, मग तेही कमी झालं. दर रविवारी भावाला फोन करायचा. गुडघे, हवापाणी, औषधं, महागाई. ‘दादा, त्या चौकटीचं...’ असं त्यानं चार-पाच वेळा सुरू केलं असेल. दादा म्हणायचा, ‘कुठल्या?’ आणि पिवळ्या म्हणायचा, ‘काही नाही, अशीच आठवण झाली.’ घरी आलेला पाहुणा भिंतीवरच्या त्या रिकाम्या सोनेरी चौकटीपुढं थांबायचा आणि त्याचा हात पुढं यायचा. पिवळ्या पाठ फिरवून आत जायचा.

शेवटी पुतणीचा फोन आला. ‘काका, येऊन जा. बाबांचं काही खरं नाही आता. डोळे तर गेलेच, पण डॉक्टर म्हणतात हृदयही थकलंय.’ मग ती म्हणाली, ‘परवा आईच्या फोटोच्या कडेवरून हात फिरवत बसले होते. म्हणाले, हिला चौकट नाही गं.’

‘रविवारी येतो,’ पिवळ्या म्हणाला आणि त्यानं भिंतीवरून चौकट उतरवली.

मन कित्येक वर्षांत नव्हतं एवढं हलकं झालं होतं. खडू आणि सरस, दोन्ही कोमट पाण्याला शरण येतात. सगळं धुऊन काढायचं, लाकूड वाळवायचं, तेल पाजायचं आणि दादाच्या मांडीवर ठेवायचं. त्याला दिसत नसलं म्हणून काय झालं, त्याची बोटं आहेत. ‘दादा, ही घे तुझी चौकट. मी चुकलो.’ एवढंच वाक्य. अकरा वर्षं जे जमलं नाही ते आता जमेल, कारण हातात चौकट असेल.

मोरीत बसून त्यानं आणि बायकोनं फडकी भिजवून चौकटीवर टाकली. तासाभरानं सोनं सुरकुतलं आणि खालच्या लगद्याबरोबर घसरू लागलं. ‘चांगलं सोनं हो,’ बायको बादलीत बघत म्हणाली. ‘जाऊ दे,’ तो म्हणाला. मऊ ब्रशनं, लाकडी काडीनं, कानाकोपऱ्यातून तो पांढरा लगदा काढत गेला. पहिलं पान उघडं पडलं. मग शेंग.

शेंग सपाट होती. दाणे नव्हते. लव नव्हती. सगळ्या अंगावर आडव्यातिडव्या ओरखड्यांची जाळी पडलेली. त्यानं दुसरी शेंग उघडली, तिसरी उघडली. अळीच्या भोकाची वळलेली कड घासून बोथट झालेली. तारेच्या ब्रशचे चर शिरांच्या आडवे गेलेले. पटाशीचा एकही घाव जसा पडला तसा राहिला नव्हता. त्याला आठवत होतं ते हे, की आपण लाकूड ‘थोडंसं’ घासलं होतं. दोन दिवस घासलं होतं हे तो साफ विसरला होता. सोन्यानं काही बिघडवलेलंच नव्हतं. ते बिचारं वर बसलं होतं. बिघडवलं होतं ते सोनं लावण्याआधी, आणि त्यानं स्वतः.

पिवळ्या मोरीच्या काठावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. बोलायला बायकोकडे पुष्कळ होतं. तिनं चौकट टिपून कोरडी केली आणि मग म्हणाली, ‘तरी न्या. जे झालं ते सांगा. तोंडानं सांगा एकदाचं.’

त्यानं तेल पाजलं. ओरखड्यांत तेल साचून ते आणखी उठून दिसले. बसमध्ये पाच तास ती पिशवी मांडीवर धरून त्यानं वाक्य घोकलं. आता वाक्य लांबलं होतं. दादा, ही तीच. मी सोनं लावलं तेव्हा ती घासली. तुझं काम मी मारलं. मला माफ कर.

दादा खाटेवर उशांना टेकून बसलेला होता, पार वाळलेला. आवाजावरून त्यानं ओळखलं. ‘पिवळ्या, आलास? अजून चमकतोस का रे?’

‘आता कुठला,’ पिवळ्या म्हणाला, आणि धीर सुटायच्या आत त्यानं चौकट काढून दादाच्या मांडीवर ठेवली.

दादाचे हात आधी कडेवर गेले, मग आत. ‘लाकूड,’ तो म्हणाला. ‘सोनं नाही.’ त्यानं नाकापाशी नेऊन वास घेतला. ‘अक्रोड. तेल दिलंय.’ बोटं पानावरून वेलावर, वेलावरून शेंगेवर गेली. ‘घेवडा आहे!’ आणि त्याचा चेहरा असा उजळला की पिवळ्याच्या तोंडातलं वाक्य तिथंच अडकलं. ‘माझ्या त्या चौकटीची नक्कल आहे? कुणाकडून करून घेतलीस?’

पिवळ्या खाटेच्या कडेवर टेकला.

दादाची बोटं परत शेंगेवर आली. थांबली. अंगठा एकदा पुढं, एकदा मागं फिरला. ‘नवशिक्या हात आहे,’ तो म्हणाला. ‘आणि पॉलिश पेपर मारलाय गाढवानं.’ मग एकदम त्याच्या काहीतरी लक्षात आलं आणि तो हसू लागला. ‘तू केलीस? पिवळ्या, तू कोरलीस ही?’

दारात पुतणी उभी होती. ती चौकटीकडे बघत होती आणि काकाकडे बघत होती.

‘हो,’ पिवळ्या म्हणाला. ‘मीच केली.’

‘ऐकलंस का गं? साठी उलटल्यावर तुझ्या काकानं पटाशी धरली! आण, तिचा फोटो आण.’ फोटो आणला. पिवळ्यानं तो चौकटीत ठेवला, मागून चार चुका ठोकल्या. फोटो नेमका बसला. ‘माप बरोबर घेतलंस,’ दादा म्हणाला. चौकट त्यानं छातीशी उभी धरली, आणि म्हणाला, ‘एक सांगू? तेव्हा मला तुझा फार राग आला होता. महिनाभर मनातल्या मनात शिव्या घालत होतो तुला.’

‘माहीत आहे, दादा. मी...’

‘अरे ऐक तर. मग एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. तू टर्पेंटाइननं तेल काढलंस, म्हणजे लाकडाला काही धक्का नाही. खडू काय, सरस काय, पाण्यानं धुऊन निघतं. म्हणजे तिचा घेवडा आत आहे तसाच आहे. धूळ नाही, कीड नाही, कुणाचा हात नाही. मी नसेन, तूही नसशील, कधीतरी कुणीतरी ते धुऊन काढेल आणि शेंगेवरची लव बघून तोंडात बोट घालेल. मग राग गेला माझा. म्हटलं, पिवळ्याच्या सोन्यानं एवढं तरी केलं. सांभाळून ठेवलं.’ त्यानं आंधळे डोळे भावाच्या दिशेनं वळवले. ‘आहे ना रे नीट? भिंतीवर आहे ना?’

बसमध्ये पाच तास घोकलेलं वाक्य पिवळ्याच्या ओठांपर्यंत आलं. पुतणी अजून दारातच होती.

‘आहे, दादा,’ तो म्हणाला. ‘आहे तशीच आहे.’

‘मग झालं तर,’ दादा म्हणाला. त्यानं पिवळ्याचा हात चाचपून धरला, त्याचं बोट ओढून त्या सपाट शेंगेवर टेकवलं, आणि पुढच्या वेळी शेंगेला पोट आणायचं तर पटाशी कुठून लावायची, ते सावकाश समजावून सांगू लागला. पिवळ्या प्रत्येक वाक्याला ‘हो’ म्हणत राहिला.